लोरांद ओत्वोश : गुरुत्वाकर्षणाचा सूक्ष्म तराजू

सोने आणि लाकूड, पाणी आणि काच, तांबे आणि चरबी हे परस्परांहून सर्वस्वी भिन्न पदार्थ पृथ्वीकडे अगदी एकाच गतीने ओढले जातात काय, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. शाळकरी मुलालाही त्याचे उत्तर पाठ असते. परंतु या साध्या प्रश्नाच्या मुळाशी निसर्गाची एक विलक्षण सममिती दडलेली आहे. वस्तूला हलवू पाहणाऱ्याला ती जो विरोध करते ते तिचे जडत्व. आणि पृथ्वी तिला ज्या प्रमाणात ओढते ते तिचे गुरुत्व. हे दोन गुणधर्म एकमेकांशी नेमके जुळलेच पाहिजेत असे तर्काने कोठेच सिद्ध होत नाही. तरीही प्रत्येक पदार्थात ते जुळतात. हे जुळणे किती अचूक आहे, हे तपासण्यात हंगेरीच्या एका शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम वर्षे वेचली. त्यांचे नाव बॅरन लोरांद ओत्वोश.

ओत्वोश यांच्यापूर्वी या प्रश्नाला हात घालणारे थोर पुरुष झाले नव्हते असे नाही. न्यूटनने सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू अशा नऊ पदार्थांचे लोलक करून त्यांचे हेलकावे ताडून पाहिले आणि हजारात एक भागाइतकाही फरक नसल्याचे दाखविले. एवढ्यावरच न थांबता त्याने आकाशाकडे दृष्टी वळविली. गुरू आणि त्याचे उपग्रह यांना सूर्य वेगवेगळ्या प्रमाणात ओढत असता तर त्या उपग्रहांच्या कक्षा एका बाजूला सरकलेल्या दिसल्या असत्या. तशा त्या दिसत नाहीत, असा युक्तिवाद त्याने १६८७ च्या आपल्या ग्रंथात मांडला. उपग्रहांच्या कक्षेवरून गुरुत्वाकर्षणाच्या मूलतत्त्वाची परीक्षा करण्याची कल्पना अशी तीन शतकांहून जुनी आहे. पुढे जर्मन ज्योतिर्विद बेसेल याने १८३२ च्या सुमारास कोनिग्सबर्ग येथे सुधारलेल्या लोलकाने साठ हजारात एक भागापर्यंत मजल मारली. लोलकाची शक्ती तेथे संपली. त्यापुढे जावयाचे तर नवे साधन हवे होते, आणि ते साधन घडविणारा मनुष्य बेसेलच्या निधनानंतर दोनच वर्षांनी जन्माला यावयाचा होता.

लोरांद ओत्वोश यांचा जन्म २७ जुलै १८४८ रोजी बुडा येथे झाला. हंगेरीच्या इतिहासात ते क्रांतीचे वर्ष होते. त्यांचे वडील बॅरन योझेफ ओत्वोश हे नामांकित कादंबरीकार आणि उदारमतवादी राजकारणी. हंगेरीच्या पहिल्या जबाबदार मंत्रिमंडळात धर्म व शिक्षण खाते त्यांच्याकडे होते. शरद ऋतूत क्रांतीने रक्तरंजित वळण घेतले, तेव्हा त्यांनी पद सोडले आणि ते म्यूनिकला गेले. काही काळ परदेशात काढून कुटुंब परतले ते पराभूत आणि दबलेल्या देशात. १८६७ साली ऑस्ट्रियाशी समेट झाला आणि योझेफ पुन्हा शिक्षणमंत्री झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा १८६८ चा कायदा ही त्यांची कीर्ती. लोरांदची आई आग्नेश रोश्ती ही सुसंस्कृत घराण्यातील होती. तिचा भाऊ पाल रोश्ती याने मेक्सिको, क्यूबा आणि व्हेनेझुएला येथे प्रवास करून तेथील दुर्मिळ छायाचित्रे आणली होती. साहित्य, राज्यकारभार आणि दूरदेशांची ओढ असा तिहेरी वारसा या मुलाला घरातच लाभला.

अशा घरातील एकुलत्या एका मुलाने कायदा शिकावा आणि राज्यकारभारात शिरावे हेच रीतीला धरून होते. लोरांदनेही १८६५ साली पेश्ट विद्यापीठात कायद्याच्या वर्गात नाव घातले. परंतु मन तेथे रमेना. कायद्याची व्याख्याने संपली की तो ओट्टो पेट्झ्वाल यांच्याकडे गणित शिके आणि कारोय थान यांच्या रसायनशाळेत प्रयोग करी. वडील आणि मुलगा यांच्यात या विषयावर जो पत्रव्यवहार झाला, त्यावरून त्या दोघांचे नाते किती मोकळे होते हे कळते. वडिलांनी मुलाला कधी हुकूम केला नाही, आणि मुलानेही त्यांचा शब्द हलका मानला नाही. अखेर १८६७ साली पित्याच्या संमतीने लोरांद जर्मनीतील हायडेलबर्गला गेला.

हायडेलबर्ग त्या काळी विज्ञानाचे तीर्थक्षेत्र होते. तेथे किरखोफ, हेल्महोल्ट्झ आणि बुन्सेन असे तीन दिग्गज एकाच वेळी शिकवीत होते. मोजमापाची शिस्त लोरांदने तेथे आत्मसात केली. मध्यंतरी एक सत्र त्याने कोनिग्सबर्गला फ्रान्झ नॉयमान यांच्या हाताखाली काढले. ज्या नगरीत बेसेलने गुरुत्व आणि जडत्व यांची तुलना केली होती, तीच ही नगरी. आणि नॉयमान हे बेसेलचे सहकारी राहिलेले. १८६९ साली उत्तर ध्रुवाकडे स्पिट्सबर्गनला जाणाऱ्या मोहिमेत सामील होण्याचा विचार त्याच्या मनाने घेतला. वडिलांनी तो समजुतीने मोडून काढला. १८७० मध्ये सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळवून लोरांद मायदेशी परतला. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८७१ मध्ये, योझेफ यांचे निधन झाले.

यानंतरचा काळ शांत पण भराभर चढत जाण्याचा होता. १८७२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ओत्वोश पेश्ट विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकीचे प्राध्यापक झाले. १८७५ मध्ये माजी न्यायमंत्री बोल्दिझार होर्वात यांची कन्या गिझेल्ला हिच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्युत्‌जनित्राच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेले आन्योश येड्लिक निवृत्त झाले, तेव्हा १८७८ मध्ये प्रायोगिक भौतिकीचे आसनही ओत्वोश यांच्याकडे आले. पहिली पंधरा वर्षे त्यांनी द्रवांच्या पृष्ठताणाचा अभ्यास केला. तापमान वाढले की पृष्ठताण कसा घटतो, याविषयी १८८६ मध्ये त्यांनी जो नियम शोधून काढला, तो आजही त्यांच्या नावाने शिकविला जातो. एखाद्या प्राध्यापकाला जन्मभर पुरेल एवढे हे यश होते. परंतु याच सुमारास त्यांचे लक्ष गुरुत्वाकर्षणाकडे वळले आणि ते मरेपर्यंत तेथून हलले नाही.

त्यांचे साधन म्हणजे पिळाचा तराजू. केसाहून बारीक अशा प्लॅटिनमच्या तारेला एक हलकी आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या दोन टोकांना दोन वजने, आणि दांडी किंचितही फिरली तर ते दाखविणारा छोटा आरसा, एवढीच त्याची रचना. कूलोंब आणि कॅव्हेंडिश यांनी असे तराजू पूर्वी वापरले होते. ओत्वोश यांनी त्यात एक वजन दांडीला न जोडता खाली लोंबते सोडले. या लहानशा बदलामुळे दोन जवळच्या बिंदूंमधील गुरुत्वाकर्षणाचा अतिसूक्ष्म फरक मोजता येऊ लागला. हवेची झुळूक आणि उष्णतेचा चढउतार यांपासून बचाव व्हावा म्हणून सारा तराजू धातूच्या एकात एक बसविलेल्या भिंतींत बंद केलेला असे. दांडी स्थिर होण्यास तासतास लागत. निरीक्षक जवळ उभा राहिला तरी त्याच्या शरीराच्या आकर्षणाने ती ढळे. म्हणून वाचन दुरून दुर्बिणीने करावयाचे.

या तराजूने मूळ प्रश्न कसा सोडवावयाचा, याची युक्ती मोठी सुंदर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे ओळंब्यावर दोन बले कार्य करतात. एक पृथ्वीच्या मध्याकडे ओढणारे गुरुत्वाकर्षण, दुसरे परिभ्रमणामुळे बाहेर फेकू पाहणारे केंद्रोत्सारी बल. पहिले गुरुत्वावर अवलंबून, दुसरे जडत्वावर. या दोहोंच्या ओढाताणीत ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे नेमका रोखलेला राहत नाही. बुडापेस्टच्या अक्षांशावर तो सुमारे सहा कला ढळतो. आता एखाद्या पदार्थात गुरुत्व आणि जडत्व यांचे प्रमाण इतरांहून वेगळे असेल, तर त्याचा ओळंबाही निराळ्या दिशेने लटकेल. अशा दोन पदार्थांची वजने पूर्व-पश्चिम ठेवलेल्या दांडीच्या टोकांना लावली, तर दांडीला पीळ बसेल. आणि सारा तराजू अर्ध्या वर्तुळात फिरवून ठेवला, तर पीळ उलट दिशेचा होईल. तेव्हा दोन वाचनांतील फरक पाहावयाचा. पितळ, काच, अँटिमनीचे खनिज आणि बूच असे पदार्थ ओत्वोश यांनी ताडून पाहिले. दांडी ढळली नाही. जानेवारी १८८९ मध्ये त्यांनी हंगेरियन विज्ञान अकादमीला निवेदन केले की, फरक असलाच तर तो दोन कोटींत एक भागाहून कमी आहे. बेसेलच्या मापनाहून हे मापन तीनशे पटींहून अधिक सूक्ष्म होते.

त्याच वर्षी ओत्वोश अकादमीचे अध्यक्ष झाले, आणि पुढली सोळा वर्षे त्यांच्या आयुष्यात प्रयोगशाळा आणि सार्वजनिक कर्तव्य यांची रस्सीखेच चालू राहिली. १८९१ मध्ये त्यांनी गणित व भौतिकी यांची संस्था स्थापन केली. पेश्टच्या या मंडळीचा हेतू असा की, शाळामास्तरांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांनी एकत्र बसावे आणि आपल्या भाषेत विज्ञान बोलावे. तिचे हंगेरियन नियतकालिकही निघू लागले. जून १८९४ मध्ये ओत्वोश वडिलांच्याच खात्याचे मंत्री झाले. त्या निमित्ताने संस्थेने शाळा संपविणाऱ्या मुलांसाठी जी गणिताची स्पर्धा सुरू केली, तिच्यात पुढील काळात थिओडोर फॉन कारमान आणि एडवर्ड टेलर यांच्यासारखी मुले चमकली. मंत्रिपद सात महिने टिकले. जानेवारी १८९५ मध्ये मंत्रिमंडळ गेले. परंतु तेवढ्या अल्प काळात त्यांनी एका निवासी महाविद्यालयाचा पाया घातला. पॅरिसच्या एकोल नॉर्मालच्या धर्तीवर, भावी शिक्षकांना राहावयास जागा आणि वाचावयास उत्तम ग्रंथसंग्रह मिळावा म्हणून १८९५ मध्ये ते उघडले, आणि त्याला योझेफ ओत्वोश यांचे नाव देण्यात आले. संगीतकार झोल्तान कोदाय हे त्याच्या पहिल्या दशकातील विद्यार्थी.

मानमरातबाच्या या काळातही त्यांची राहणी डोंगरवाऱ्यात वाढलेल्या माणसाची होती. पेश्टसेंटलोरिंट्स येथील घरून ते विद्यापीठात घोड्यावर बसून येत. उन्हाळा आला की दोन मुली, इलोना आणि रोलांदा, यांना घेऊन ते डोलोमाइट पर्वतांत गिर्यारोहणास जात. तेथील एका शिखराला त्यांचे नाव आहे. जाताना बरोबर छायाचित्रणाचे जड सामान असे.

तराजूही आता खोलीबाहेर पडला होता. १८९१ मध्ये शाग टेकडीवर तो उघड्या मैदानात प्रथम पारखला गेला. परंतु त्याची खरी कसोटी लागली ती १९०१ आणि १९०३ च्या हिवाळ्यांत, बालाटोन सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर. जमिनीवर झाड, घर, चढउतार असे काहीही तराजूला फसविते. बर्फाचे मैदान मात्र सपाट आणि मोकळे. कडाक्याच्या थंडीत बर्फावर तंबू ठोकून ओत्वोश आणि त्यांचे सहकारी रात्रीच्या रात्री वाचने घेत. सरोवराच्या तळाखाली, त्याच्या लांबीला समांतर जाणारी खडकांची एक रचना त्या वाचनांतून उमटली. डोळ्यांना न दिसणारा भूगर्भ केवळ आकर्षणावरून चितारता येतो, हे तेथे सिद्ध झाले.

१९०५ मध्ये त्यांनी अकादमीचे अध्यक्षपद स्वेच्छेने सोडले. वय सत्तावन्न, हातून अजून जे व्हावयाचे त्याला वेळ हवा होता. हा निर्णय किती योग्य होता हे लवकरच दिसले. १९०६ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने जडत्व आणि गुरुत्व यांच्या प्रमाणावर पारितोषिकाचा विषय जाहीर केला. ओत्वोश यांनी देझ्यो पेकार आणि येन्यो फेकेते या दोन सहकाऱ्यांसह तो प्रयोग नव्याने हाती घेतला. प्लॅटिनम हे प्रमाण धरून त्याच्याशी तांबे, पाणी, मोरचूद, ॲस्बेस्टॉस, चरबी आणि सर्पकाष्ठ नावाचे लाकूड यांची तुलना झाली. रासायनिक क्रियेच्या आधी आणि नंतर पदार्थांचे वजन तपासले गेले. नुकत्याच हाती आलेल्या किरणोत्सर्गी रेडियमचीही परीक्षा झाली. सुमारे चार हजार तासांची निरीक्षणे जमली, आणि उत्तर पुन्हा तेच आले : फरक नाही, वीस कोटींत एक भागापर्यंतही नाही. १९०९ मध्ये पारितोषिक त्यांना मिळाले. परंतु अधिक अचूकता साधून मगच छापू, या विचाराने तो निबंध तसाच राहिला.

याच सुमारास एक वेगळी गोष्ट त्यांच्या चाणाक्ष नजरेने टिपली. पोट्सडॅमचे ओस्कार हेकर यांनी अटलांटिक, हिंदी आणि पॅसिफिक महासागरांवर चालत्या जहाजांतून गुरुत्वाकर्षणाची मापने घेतली होती. जहाज पूर्वेकडे जात असेल तर पृथ्वीच्या परिभ्रमणात त्याच्या वेगाची भर पडते आणि वस्तूचे वजन किंचित घटते, पश्चिमेकडे जात असेल तर वाढते, हे हिशेबात धरावयाचे राहून गेले असल्याचे ओत्वोश यांनी दाखवून दिले. १९०८ मध्ये काळ्या समुद्रात विरुद्ध दिशांना जाणाऱ्या जहाजांवर याची खात्री करून घेण्यात आली. या परिणामाला त्यांचेच नाव मिळाले.

पहिले महायुद्ध पेटले आणि युरोपातील विद्वानांचे येणेजाणे थांबले. १९१५-१६ मध्ये आज स्लोव्हाकियात असलेल्या एग्बेल येथील तेलक्षेत्रावर तराजू नेण्यात आला, आणि जमिनीखालील घडीचा आकार त्याने बरोबर दाखविला. ओत्वोश यांच्या पश्चात १९२४ मध्ये टेक्सासमधील नॅश येथे याच साधनाने मिठाचा घुमट शोधला गेला. निव्वळ जिज्ञासेपोटी घडलेला तराजू अशा रीतीने खनिज तेलाच्या शोधाचे हत्यार बनला. अखेरच्या आजारातही ओत्वोश यांनी लेखन सोडले नाही. युद्धातील पराभवानंतर देशाची वाताहत झाली होती, बुडापेस्टमध्ये सोव्हिएत राज्य घोषित होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, अशा वेळी ८ एप्रिल १९१९ रोजी त्यांनी देह ठेवला. क्रांतीच्या वर्षी जन्मलेला हा सरदारपुत्र दुसऱ्या क्रांतीच्या धामधुमीत गेला. आणि सरदारकी मोडणाऱ्या त्या सरकारनेही त्यांना सन्मानाने निरोप दिला. १९५० पासून बुडापेस्टचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

ओत्वोश यांच्या शून्याला जगाच्या विचारात केवढे स्थान आहे, हे त्यांच्या हयातीत पूर्णपणे उमगले नाही. १९०७ मध्ये आइन्स्टाइनने मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही या विचारातून समतुल्यतेचे तत्त्व मांडले, तेव्हा बुडापेस्टच्या या मापनांची त्याला माहिती नव्हती. काही वर्षांनी ती झाली आणि १९१३ च्या आपल्या निबंधात त्याने ओत्वोश यांच्या प्रयोगाचा आधार घेतला. १९१५ च्या व्यापक सापेक्षतेचा पायाच हा की, गुरुत्वाकर्षणाला पदार्थापदार्थांत भेद ठाऊक नाही. ग्योटिंगेनचा निबंध पेकार आणि फेकेते यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. चौसष्ट वर्षांनी, १९८६ मध्ये, त्यातील आकड्यांची फेरतपासणी करून अमेरिकन शास्त्रज्ञांनी पाचव्या मूलभूत बलाची शक्यता वर्तविली, आणि जगभर तराजू पुन्हा टांगले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकातील गौरीबिदनूर येथील भूमिगत प्रयोगशाळेत पिळाच्या तराजूने या शोधात भाग घेतला. पाचवे बल कोठेच सापडले नाही.

दरम्यान न्यूटनने दाखविलेली आकाशाची वाटही खुली झाली होती. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवला. पुढे आणखी परावर्तक तेथे पोहोचले. पृथ्वीवरून सोडलेला लेसर किरण त्यांवरून परत येतो, आणि चंद्राचे अंतर सेंटिमीटरच्या हिशेबात कळते. पृथ्वीच्या पोटात लोहाचा मोठा गाभा, चंद्र बहुतांशी खडकाचा; सूर्याकडे दोघे वेगवेगळ्या प्रमाणात पडत असते तर चंद्राची कक्षा सूर्याच्या दिशेने सरकली असती. दशकानुदशकांच्या मापनांनंतर, एकावर तेरा शून्ये इतक्या भागांतील एका भागापर्यंतही तशी सरक आढळली नाही.

मग मानवनिर्मित उपग्रहाची पाळी आली. उपग्रह म्हणजे पृथ्वीभोवती अखंड पडत राहणारी वस्तू. जमिनीवरील तराजूला केंद्रोत्सारी बलाचा अल्पसा अंश उपयोगी पडतो. कक्षेत मात्र पृथ्वीचे जवळजवळ संपूर्ण आकर्षण प्रयोगाला लाभते. २५ एप्रिल २०१६ रोजी फ्रान्सच्या अवकाश संस्थेने मायक्रोस्कोप नावाचा उपग्रह सुमारे ७१० किलोमीटर उंचीवर पाठविला. त्यात एकात एक बसविलेली दोन पोकळ नळकांडी होती, एक प्लॅटिनमच्या आणि दुसरे टायटॅनियमच्या मिश्रधातूचे. विरळ हवेचा विरोध वायूच्या बारीक फवाऱ्यांनी निवारला जाई, आणि दोन्ही नळकांड्यांना एकाच मार्गावर ठेवण्यास विद्युत्‌बल कमीजास्त लागते काय, हे पाहिले जाई. प्रयोग ऑक्टोबर २०१८ मध्ये संपला. सप्टेंबर २०२२ मध्ये अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाला : एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांतील काही थोड्या भागांच्या मर्यादेपर्यंत दोन्ही पदार्थ सारखेच पडतात. ओत्वोश यांनी प्रमाण म्हणून धरलेले प्लॅटिनम याही तराजूच्या एका बाजूला होते.

गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि पुंजभौतिकी यांचा मेळ अद्याप बसलेला नाही. तो बसविणाऱ्या कित्येक नव्या कल्पना असे सुचवितात की, पुरेसे खोल पाहिले तर ही सममिती कोठेतरी भंग पावेल. म्हणूनच अधिक सूक्ष्म मापनांचा ध्यास शास्त्रज्ञांना सुटत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या जागोजागच्या बदलाचे एकक आज ओत्वोश या नावाने ओळखले जाते. २००९ ते २०१३ या काळात युरोपच्या गोचे उपग्रहाने पृथ्वीभोवती फिरत जे नकाशे केले, ते याच एककात मोजलेल्या आकड्यांवर उभे आहेत. मंत्रिपद आणि अध्यक्षपद मिळालेल्या या माणसाने आयुष्याचा मोठा भाग एका न हलणाऱ्या दांडीकडे पाहण्यात घालविला. ती दांडी हलली नाही, एवढेच त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आणि त्या नोंदीवर विसाव्या शतकातील विश्वाची कल्पना उभी राहिली.